प्रकल्पवाले मावसाजी

चंद्रपूर जिल्ह्यात बाहेरगावाहून येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक वाघ बघायला येणारी, दुसरी माणसं बघायला येणारी. पहिली मोहर्लीच्या गेटातून ताडोब्यात शिरतात, दुसरी वरोऱ्याला वळून आनंदवनात. दोघांच्या अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. रात्री चंद्रपूरच्या हॉटेलात जेवताना दोन्ही टेबलांवरून एकच वाक्य ऐकू येतं, "अगदी जवळून दर्शन झालं हो, चांगली पाच मिनिटं!" दर्शन पट्ट्यांचं झालं की खादीचं, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय वेटरलाही कळत नाही.

आमचे मावसाजी खादीवाल्यांपैकी. राष्ट्रीयीकृत बँकेतून सीनियर मॅनेजर म्हणून निवृत्त, मुक्काम कोथरूड, दोन्ही गुडघे अजून मूळचेच, आणि समाजाचं ऋण फेडायची विलक्षण घाई. सारी हयात लोकांची ऋणं वसूल करण्यात गेल्यामुळे कुठलंही ऋण थकलेलं त्यांना सोसवत नाही, मग ते स्वतःचं का असेना. पुण्यात सारं जग त्यांना काका म्हणतं. पण आमच्या मावशीचे यजमान म्हणून ते चंद्रपूरच्या जटपुरा गेटच्या आत मावसाजी झाले, आणि आता बसचा ड्रायव्हर, पोहेवाला, प्रकल्पांवरचे कार्यकर्ते, सगळ्यांचेच मावसाजी आहेत.

दर डिसेंबरात ते बावीस जणांचा गट घेऊन नागपूरला उतरतात आणि तिथून बस करतात. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर 'देण्यातला आनंद'. बसच्या टपावर जुन्या कपड्यांची पोती, नवी ब्लँकेटं, वह्या, खोडरबर, आणि आदिवासी मुलांसाठी लोणावळ्याची चिक्की. चार दिवसांत आनंदवन, सोमनाथ, शोधग्राम, मेंढा-लेखा आणि हेमलकसा असा कार्यक्रम. चंद्रपूरहून हेमलकशाला जायचं तर बल्लारपूर, आलापल्ली करत चार-पाच तास सहज जातात, त्यामुळे एका प्रकल्पाला सरासरी पाऊण तास येतो. त्यातही चहा असतो.

"मावसाजी, एकाच ठिकाणी चार दिवस राहा ना," असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"अरे, मग बाकीच्यांवर अन्याय नाही का होणार?" ते म्हणाले.

मावसाजींची तयारी मात्र दांडगी असते. त्यांच्याकडे एक निळी डायरी आहे आणि तिच्यात प्रत्येक प्रकल्पाचं स्वतंत्र पान, वर उजव्या कोपऱ्यात स्थापनेचं वर्ष. आनंदवनाची महारोगी सेवा समिती १९४९. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७. हेमलकशाची लोक बिरादरी १९७३. शोधग्रामची 'सर्च' १९८६. बसमध्ये ते माइक घेऊन ही वर्षं विचारतात आणि बरोबर उत्तराला चिक्कीचा तुकडा देतात. आदिवासी मुलांपर्यंत चिक्की कमी पडते ती यामुळे.

आनंदवन जवळ आलं की त्यांचा आवाज खाली येतो. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर बाबा आमट्यांनी ही जमीन कशी कसायला घेतली, ते सांगतात. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण इथं आले आणि त्यांनी स्वतः राबून इमारती उभ्या केल्या, तेही सांगतात. मग मुख्य मुद्द्यावर येतात. दानानं माणूस पंगू होतो आणि कामानं उभा राहतो, हा बाबांचा विचार ते असा काही मांडतात की पुढच्या दोन रांगांत पदर डोळ्यांना लागतात. नेमका त्याच वेळी मागून क्लीनरचा आवाज येतो, "मावसाजी, जुन्या कपड्याचे पोते इथंच उतरवाचे का जी?"

हातमागाच्या शेडमध्ये एक ठरावीक माग आहे. त्याच्यासमोर मावसाजींना गहिवरून येतं. शेजारच्या मागावर येत नाही, पलीकडच्या पॉवरलूमवर तर मुळीच नाही. त्या मागावरचे गृहस्थ आता सरावले आहेत. गट दारात दिसला की ते धोटा थांबवतात, पावडीवरून पाय काढतात आणि शांत बसून राहतात. मावसाजी चश्मा काढतात, पुसतात, परत लावतात.

"झालं का जी साहेब?" गृहस्थ विचारतात.

"हो," मावसाजी दाटल्या आवाजात म्हणतात.

"मंग सतरंजी दुकानात मिळते. पावती पक्की देतात." आणि धोट्याची ठकठक पुन्हा सुरू होते.

मावसाजी सतरंजी घेतातही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आता जमीन दिसत नाही, असं मावशी सांगते.

त्यांच्या स्वभावातला खरा गुंता दिसतो तो चंद्रपूर-मूल रस्त्यावर. तिथं झाडाखाली बुरडाची एक बाई सुपं, परड्या आणि टोपल्या मांडून बसलेली असते. मानवेल बांबूचं पेर सुरीनं उभं चिरायचं, त्याच्या कमच्या काढायच्या, पाठ आणि गाभा वेगळा करायचा, आणि पायाच्या अंगठ्यात धरून वीण घालायची, हे सगळं ती आपल्याशी बोलता बोलता करते. सुरीकडं बघतही नाही. मावसाजींनी तिचे आठ फोटो काढले, बांबू म्हणजे हिरवं सोनं यावर गटाला दोन शब्द सांगितले आणि मग सुपाचा भाव विचारला.

"दीडशे जी."

"एकशेतीसला दे."

"बसत नाही जी. बांबूच महाग झाला."

पाच मिनिटं घासाघीस झाली. शेवटी एकशेतीसला सूप घेऊन मावसाजी वळले, आणि चार पावलं गेल्यावर त्यांच्यातला समाजसेवक जागा झाला. परत येऊन त्यांनी शंभराची नोट पुढं केली. "हे ठेवा. मुलांच्या शिक्षणासाठी."

बाईनं नोटेकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "शंभर कायले देता जी? सुपाचे वीस तेवढे द्या."

मावसाजींनी या प्रसंगाची नोंद डायरीत 'स्वाभिमान' या मथळ्याखाली केली आहे. वीस रुपये दिले की नाही, ते मात्र तिथं लिहिलेलं नाही.

मेंढ्याला गेलं की त्यांना वेगळीच चेतना येते. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा ते त्या गावालाच शिकवतात. २००९ साली मेंढ्याला वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपल्या वाहतूक पासावर विकायला लागली, हे ते घोटुलाच्या ओट्यावर बसून, ज्यांनी हे सगळं केलं त्या माणसांना, वर्षांसकट समजावून देतात. मेंढ्याची माणसं अभ्यास मंडळ चालवणारी. ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. मध्येच एक म्हातारा मान डोलावतो. मावसाजींना वाटतं, पोचलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आफ्रिका मध्ये आली.

मावसाजींचा मुलगा टेक्सासात असतो. त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ दर उन्हाळ्यात आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर युगांडाला जातात. मिशन ट्रिप. दहा दिवस, एका रंगाचे टी-शर्ट, बॅगा भरून जुने कपडे आणि क्रेयॉन. तिथल्या एका व्होकेशनल स्कूलला ते भेट देतात. मुली शिवण शिकतात, मुलं सुतारकाम आणि गवंडीकाम, आणि पाहुणे येशूचं नाव घेऊन शाळेची भिंत रंगवून देतात. मुलानं हे फोटो बापाला दाखवले आणि मग दोघांची व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. मावसाजी आणि तो अमेरिकन तासभर बोलले. भाषा, धर्म, खंड, सगळं वेगळं. पण "ती मुलं किती कमी साधनांत किती आनंदी असतात" या वाक्यावर दोघांचं असं एकमत झालं की मावशीनं आतून विचारलं, "अहो, तुम्ही मराठीत बोलताय का त्यांच्याशी?"

त्या दिवसापासून मावसाजींना हुरहुर लागली. आपल्या यादीत सगळं आहे, धंदेशिक्षणाची शाळा नाही! लगोलग त्यांनी अभ्यास सुरू केला. पुढच्या डिसेंबरात बसमधलं प्रवचन त्यावरच होतं. दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलला स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८४१ साली संस्था काढली, पुढं तिथं सुतारकाम, लोहारकाम, छपाई आणि पुस्तकबांधणी शिकवायला लागले. आपल्या कोकणातल्या घरांवर जी मंगलोरी कौलं असतात, त्यांचे कारखाने बासेल मिशननं काढले. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिलसाहेबांनी हातमागात सुधारणा केल्या. एवढं झाल्यावर ते माझ्याकडं वळले. "आणि तुमच्या चांद्याला?"

चांद्याला, म्हणजे आमच्या चंद्रपूरलाही, एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशनरी आले होते. त्यातले अलेक्स वूड यांनी पुढं चांद्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. हे लोक धर्म सांगायला आले होते, यात शंका नाही, आणि त्यावर ज्याचं त्याचं मत असू दे. पण ते मराठी शिकले, बैलगाडीनं जंगलातल्या गावांतून हिंडले, आणि पंख्याशिवाय चांद्याचे मे महिने काढले. एवढं मी सांगितलं.

"किती दिवस राहिले?" मागच्या सीटवरून एका काकूंनी विचारलं.

"वर्षानुवर्षं."

बसमध्ये जरा वेळ कोणी बोललं नाही. मग मावसाजींनी चिक्की फिरवली.

तर अशा रीतीनं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची सरकारी आयटीआय मावसाजींच्या नकाशावर आली. खरं म्हणजे आयटीआय ही प्रकल्पदर्शनाला फार अडचणीची जागा. तिथं भेटायला कोणी नसतं. मावसाजींनी सवयीनं डायरी उघडली आणि गेटवर आलेल्या लिपिकाला विचारलं, "स्थापना कोणी केली?"

"सरकारनं जी."

"नाही, म्हणजे प्रेरणा कोणाची?"

लिपिक विचारात पडला. "जीआर असंल एखादा. काढू का?"

मावसाजींनी पान कोरं ठेवलं. संस्थापक नाही, तसबीर नाही, झोपडीपासून सुरू झाल्याची आठवण नाही. एक प्राचार्य, ते बदलून आलेले आणि बदलून जाणारे. शेडवर पत्रे, भिंतीवर सुरक्षेचे नियम, आणि आत कानशींचा एकसुरी खर्रखर्र आवाज.

फिटरच्या शेडमध्ये एटापल्लीकडचा एक मुलगा व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून घासत होता. दोन वर्षांच्या या ट्रेडमध्ये सुरुवातीचे कित्येक आठवडे हेच काम असतं, एक चौकोनी तुकडा घासून सपाट करायचा. मुलगा मधूनच थांबायचा, तुकडा काढायचा, त्याला ट्राय स्क्वेअर, म्हणजे आपला गुण्या, लावायचा आणि तो खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. गुण्याची पाती आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली की तिथं अजून उंचसखल आहे. मग पुन्हा व्हाइस, पुन्हा कानस. तोंडात तंबाखूचा खर्रा नव्हता, ही त्या जिल्ह्यात सांगण्यासारखी गोष्ट आहे.

मावसाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, पुढं काय व्हायचंय?"

"फिटर जी."

"ते झालंच रे. पण मोठा झाल्यावर?"

मुलगा गोंधळला. "मोठा फिटर," तो म्हणाला.

सुरजागडची खाण आणि कोनसरीचा कारखाना सुरू झाल्यापासून फिटरला आपल्याच जिल्ह्यात काम मिळायची आशा वाटते, असं शिल्पनिदेशक सांगत होते, पण मावसाजींचं लक्ष कानशीकडं लागलेलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. "बघू, मला दे." गटानं मोबाइल वर धरले. मावसाजींनी मोठ्या आवेशानं दोन मिनिटं घासलं, जातानाही जोर, येतानाही जोर. मुलाच्या चेहऱ्यावर वेदना उमटत होत्या. शेवटी त्यानं धीर केला.

"मांगं येताना दाबाचं नाही जी. कानस पुढंच कापते. मांगं दाबलं तर तिचे दात जातात."

मावसाजींनी तुकडा ट्राय स्क्वेअरला लावून उजेडासमोर धरला. मधोमध टेकला होता आणि दोन्ही बाजूंनी लख्ख उजेड.

"गोल झाला जी," मुलगा हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. आठवडाभराची मेहनत होती तेवढी.

पण मावसाजी खचणाऱ्यातले नव्हेत. पुढच्या खेपेला ते रंगाचे डबे घेऊन आले. कल्पना अर्थातच युगांड्याची. वेल्डिंग शेडची बाहेरची भिंत, रंग आकाशी, बावीस ज्येष्ठ नागरिक, बावीस ब्रश. टी-शर्टांवर वर्तमानपत्रं बांधून सगळे कामाला लागले. कोणी शिडीवर, कोणी शिडी धरून, कोणी शिडी धरणाऱ्याचा फोटो काढत. समोर कट्ट्यावर वीस-पंचवीस मुलं हाताच्या घड्या घालून रांगेत बसली होती आणि अतिशय गंभीरपणे बघत होती. मावसाजींना ते फार भावलं. "बघा, श्रमप्रतिष्ठेचा संस्कार असा होतो," ते शिडीवरून म्हणाले.

मी निदेशकांना विचारलं, "ही कोणत्या ट्रेडची मुलं?"

"पेंटर," ते म्हणाले.

दुपारी गट जेवायला गेला तेव्हा दोन मुलं घासकागद आणि पट्टी घेऊन उठली. आधी भिंत घासायची असते, मग लांबी, मग प्रायमर, हे त्यांना पहिल्या महिन्यात शिकवलेलं. निदेशकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "राहू द्या. हात लावू नका." मग खडू घेऊन ते भिंतीपाशी गेले आणि एकेका जागी गोल काढून आकडे टाकायला लागले. एक, ओघळ. दोन, ब्रशच्या रेघा. तीन, धुळीवर मारलेला रंग, लवकरच पोपडा धरेल. चार, खालचा रंग दिसतो. पाच, हे काय आहे ते त्यांनाही सांगता येईना. पुस्तकात दोषांची यादी असते, पण सगळे दोष एकाच भिंतीवर, नैसर्गिक अवस्थेत, कुठं मिळतात? ती भिंत अजून तशीच आहे. तोंडी परीक्षेला मुलांना तिच्यासमोर उभं करतात. मावसाजींना ती जपून ठेवल्याचं कळलं तेव्हा त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. का जपली, ते आम्ही कोणी बोललो नाही.

आणि मग त्या बसनं दगा दिला.

हेमलकशाला जायला निघालेली बस आयटीआयच्या गेटासमोरच बंद पडली. क्लच प्लेट गेली होती. मोटर मेकॅनिक ट्रेडची मुलं आनंदानं बसखाली शिरली, ड्रायव्हर प्लेट आणायला गडचिरोलीला गेला, आणि गटानं चिंचेखाली सतरंजी अंथरून अंताक्षरी सुरू केली. मावसाजी मात्र येरझाऱ्या घालत होते. लोक बिरादरीचं पान कोरं राहणार होतं. येरझाऱ्या घालता घालता ते ऑफिसच्या खिडकीपाशी थांबले. आत तो लिपिक डोकं धरून बसलेला, समोर यादी, आणि दाराबाहेर मुलांची रांग.

"काय झालं?" मावसाजींनी विचारलं. विचारायचं म्हणून.

"शिष्यवृत्ती जी. मंजूर आहे, पण पोरांच्या खात्यात पडून नाही राहिली. पोरं बँकेत जाऊन येतात. बँकवाले म्हणतात आधार जोडलेला आहे."

मावसाजी आत गेले. चश्मा नाकाच्या टोकावर आला. तो असा आलेला मी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडं ते नेहमी चश्मा पुसत असत, त्यातून बघताना कधी दिसले नव्हते.

"जोडलेला असेल हो. पण सीडिंग आहे का?" ते म्हणाले. "हे पैसे खाते नंबरावर येत नाहीत, आधार नंबरावर येतात. आधार शेवटचा ज्या खात्याला सीड झाला, तिथं जाऊन पडतात. या मुलांची दुसरी खाती कुठं आहेत?"

खाती निघाली. कोणाचं आश्रमशाळेत पाचवीत असताना उघडलेलं, तेव्हापासून हात न लावलेलं. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून ते निष्क्रिय झालेलं. कोणाचं बापाच्या सहीनं चालणारं, आणि मुलगा अठरा पुरा होऊन अज्ञान खातेदाराचा सज्ञान झाला तरी बँकेत नवी सही दिलेली नाही. मडावी आडनावाच्या तिघांचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि पासबुकात दुसरं, एकीकडं व्ही, दुसरीकडं डब्ल्यू. एका मुलीचे पैसे तर भलत्याच खात्यात साचत होते, आणि ते खातं आपलं आहे हेच तिला माहीत नव्हतं.

मावसाजींनी खुर्ची ओढली. "कोरे कागद आणा. आणि रांग नीट करा. प्रत्येकाच्या हातात आधार, पासबुक आणि टीसी. ज्याच्याकडं नाही त्यानं आत्ता होस्टेलवर जाऊन आणायचं."

पुढचे तीन-साडेतीन तास त्यांनी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. कोणालाही पुढं काय व्हायचंय ते विचारलं नाही. कोणाच्या साधेपणानं गहिवरले नाहीत. उलट वसावसा ओरडत होते. "विषय आधी लिही! महोदय नंतर!" "ही सही आहे की कोंबडीचा पाय? उद्यापासून बँकेत हीच चालणार आहे, नीट कर!" "फोन नंबर कोणाचा दिलास? मामाचा? मामा कुठं असतो? तेलंगणात? ओटीपी काय तिथून पोस्टानं आणणार आहेस?" निष्क्रिय खातं सुरू करायला पैसे लागतात, असं कोणीतरी एका मुलाला सांगितलं होतं. ते ऐकून मावसाजींनी शाखेत फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला, अत्यंत आदरानं, असा एक नियम वाचून दाखवला की तो गृहस्थ मधूनमधून "सर" म्हणायला लागला.

एटापल्लीचा फिटर रांगेत होता. त्याचा अर्ज लिहून झाल्यावर त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, समास पाहिला, ओळी पाहिल्या.

"एकदम लेव्हलमधे आहे जी," तो म्हणाला.

"मग? अडतीस वर्षं हेच घासलंय," मावसाजी मान वर न करता म्हणाले. "पुढचा!"

सहा वाजता बस सुरू झाली. मुलांनी क्लच प्लेट बसवली, वर ब्रेकही तपासून दिले, आणि ड्रायव्हरनं मजुरी विचारली तेव्हा निदेशक म्हणाले, प्रॅक्टिकल झालं, पुरे. चिक्की उरली होती, ती वाटायचं मावसाजींच्या लक्षातही आलं नाही. अंधारात हेमलकशाला जाणं शक्य नव्हतं. बस चंद्रपूरला परतली आणि मावसाजी वाटभर खिडकीला डोकं टेकून गप्प बसले. मला वाटलं, बाबांनी जन्मभर सांगितलेलं आज त्यांना गवसलं. कामानं माणूस उभा राहतो म्हणतात, तो आज आपल्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसल्या बसल्या उभा राहिला.

आठवड्यानं त्यांनी गटाला पाठवलेला अहवाल आला. चार पानी, टाइप केलेला, फोटोंसह. आनंदवन पाऊण पान, शोधग्राम अर्धं, मेंढा अर्धं, बुरडाच्या बाईला स्वतंत्र चौकट. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी ही ओळ: 'बस नादुरुस्त झाल्यामुळे संपूर्ण दुपार आयटीआयच्या कार्यालयात किरकोळ कागदपत्रांत वाया गेली. त्या दिवशी सेवेची संधी मिळू शकली नाही, याची खंत वाटते. पुढील वर्षी ही त्रुटी भरून काढू.'

फेब्रुवारीत लिपिकाचा मला फोन आला. बहुतेकांचे पैसे आले होते. दोनचार प्रकरणं अडकली होती आणि त्याला मावसाजी हवे होते. "ते डिसेंबरात कायले येतात जी? डिसेंबरात आमच्याकडं काही नसते. जूनमधे सांगा न येवाले. प्रवेश असतात, खाते उघडाचे असतात, फॉर्म असतात, बोंबाबोंब असते."

मी मावसाजींना फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा दिला.

"जूनमध्ये?" ते म्हणाले. "जूनमध्ये तिकडं बघण्यासारखं काय असतं रे?"

"काहीच नाही मावसाजी. पाऊस सुरू होतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडकडचा रस्ता बंद पडतो. हेमलकशाला जाता येईल याचा भरवसा नाही. नुसते फॉर्म."

पलीकडं बराच वेळ काही आवाज नव्हता. मावशी मागून विचारत होती, कोण आहे, काय झालं.

"त्याला सांग," मावसाजी शेवटी म्हणाले, "मुलांना मूळ कागदपत्रं घेऊन बसवून ठेव म्हणावं. झेरॉक्स चालणार नाही."